गडचिरोली: नदीनं कापलेला जिल्हा, डोकी मोजून जोडलेला मतदारसंघ

आजच्या भागाला सुरुवात करायच्या आधी एक छोटं काम करा. मोबाईलवर नकाशा उघडा आणि महाराष्ट्राचं पूर्वेकडचं शेवटचं टोक शोधा. हिरवा रंग जिथं सगळ्यात गडद दिसतो ना, तिथं थांबा. तो गडचिरोली. त्याच्या डाव्या अंगाला चंद्रपूर. आणि दोघांच्या मधून वरून खाली वाहणारी निळी रेघ म्हणजे वैनगंगा.

आता या नकाशावर मनातल्या मनात दोन रेषा काढायच्या. पहिली जिल्ह्याची, दुसरी मतदारसंघाची. आपल्याला शाळेत नागरिकशास्त्रात या दोन गोष्टी इतक्या चिकटून शिकवतात, की त्या एकच आहेत असं वाटतं. पण तसं नाही. मीच बघा. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. माझा जिल्हा चंद्रपूर, कलेक्टर चंद्रपूरचा, एसपी चंद्रपूरचा. पण मी लोकसभेला मत देतो ते गडचिरोली-चिमूर मतदारसंघात. म्हणजे दाखला काढायला नदीच्या अलीकडे आणि खासदार निवडायला नदीच्या पलीकडे. हे असं का झालं, आणि त्यानं कुणाचं काय बिघडतं, हा आजचा विषय.

आधी इतिहास. जुनी माणसं आजही चंद्रपूरला चांदाच म्हणतात. चांदा ही गोंड राजांची राजधानी. पुढं ती नागपूरच्या भोसल्यांकडे गेली आणि १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. मग चांदा हा इंग्रजांचा जिल्हा झाला. पण दक्षिणेचं काय? सिरोंचाचा भाग १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. तिथं त्यांनी 'अप्पर गोदावरी' नावाचा वेगळाच जिल्हा केला होता, मुख्यालय सिरोंचा! हो, आज ज्या गावाचं नाव घेतलं की लोक "बापरे, तिकडे?" म्हणतात, ते गाव एकेकाळी जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. गडचिरोली ही वेगळी तहसील झाली ती १९०५ मध्ये, ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींमधल्या जमीनदाऱ्या काढून.

पुढं १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा सगळा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. राजुरा तालुका आधी हैदराबाद राज्यातल्या आदिलाबादचा होता, तो आधी नांदेडला आणि मग १९५९ मध्ये चांद्याला मिळाला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. चांद्याचं चंद्रपूर झालं. आणि त्याच चांदा जिल्ह्यातले मारोतराव कन्नमवार १९६२ मध्ये राज्याचे दुसरे मुख्यमंत्री झाले.

पण जिल्हा मात्र अवाढव्यच राहिला. सुमारे २५ हजार ९०० चौरस किलोमीटर. सिरोंचाच्या माणसाला कोर्टाची तारीख चंद्रपूरला असली, तर जाण्यायेण्यातच दिवस मोडायचे, आणि पावसाळ्यात नाले भरले की तेही नाही. शेवटी २६ ऑगस्ट १९८२ रोजी, बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री असताना, चंद्रपूरचं विभाजन झालं. वैनगंगेच्या पूर्वेकडचा भाग गडचिरोली जिल्हा झाला.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं उपयोगी पडेल: गडचिरोली जिल्हा निर्माण करण्याचं मोठं कारण होतं अंतर. लोकसंख्या वाढली म्हणून नव्हे, तर माणसापासून कचेरी फार लांब होती म्हणून.

आता भूगोल. नव्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. चंद्रपूरकडे उरलं ११,४४३. म्हणजे मुलगी आईपेक्षा मोठी निघाली! गडचिरोलीचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग जंगल. बारा तालुके: उत्तरेला कोरची, कुरखेडा, देसाईगंज म्हणजे आपलं वडसा, आरमोरी, मध्ये गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, आणि दक्षिणेला मुलचेरा, एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा. पश्चिमेला वैनगंगा. ती खाली जाऊन वर्धेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडून इंद्रावती येते, तीही शेवटी गोदावरीत. पलीकडे छत्तीसगड आणि तेलंगणा. सिरोंचाच्या बाजारात तेलुगू, भामरागडात माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली, वडसा-आरमोरीत झाडीबोली. एका जिल्ह्यात एवढं सगळं.

रेल्वे? कित्येक वर्षं जिल्ह्यात रेल्वे म्हणजे फक्त वडसा. तिथून गडचिरोली शहरापर्यंत सुमारे ५० किलोमीटरचा मार्ग टाकायचं काम आता कुठं चाललंय.

चला, आता गणित. घाबरू नका, सोपं आहे.

२०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या होती १० लाख ७२ हजार ९४२. चौरस किलोमीटरला ७४ माणसं. चंद्रपूरची लोकसंख्या २२ लाखांच्या वर, जवळजवळ दुप्पट. विधानसभेच्या जागा लोकसंख्येवर ठरतात, म्हणून चंद्रपूरला सहा आमदार आणि गडचिरोलीला तीन: आरमोरी, गडचिरोली, अहेरी.

तीन आमदार, १४,४१२ चौरस किलोमीटर. म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी ४,८०० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि तिथं ३६ आमदार. एकाला सरासरी सतरा चौरस किलोमीटर. मुंबईचा आमदार सकाळी रिक्षात बसला तर दुपारपर्यंत सगळा मतदारसंघ फिरून घरी जेवायला येईल. अहेरीच्या आमदाराच्या मतदारसंघात अख्खे पाच तालुके आहेत.

अजून एक तुलना. गोवा. क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, गडचिरोलीच्या जेमतेम पावपट. लोकसंख्या २०११ मध्ये साडेचौदा लाख. तिथं ४० आमदार! अर्थात गोवा स्वतंत्र राज्य आहे, त्यामुळं ही तुलना अगदी बरोबरीची नाही. पण १९६१ पर्यंत जो गोवा पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातला एक जिल्हा होता, तो राज्य झाला आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला विधानसभेत आवाज मिळाला. सीमारेषा कोणत्या नावाची आहे, यानं केवढा फरक पडतो ते बघा.

आणि खुद्द पोर्तुगालमध्ये काय चालतं? तिथं गंमत आहे. संसदेच्या निवडणुकीत जिल्हा हाच मतदारसंघ. २३० खासदार, आणि प्रत्येक जिल्ह्याला मतदारांच्या संख्येप्रमाणं जागा. पक्षांना त्या जिल्ह्यात मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा वाटतात. क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा जिल्हा बेजा, दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्याला जागा किती? तीन. आणि छोट्याशा लिस्बन जिल्ह्याला ४८. बेजाच्या लोकांची तक्रार आपल्यासारखीच: जमीन आमची, संसद राजधानीची. पण एक गोष्ट त्यांच्याकडे सरळ आहे. बेजाच्या माणसाला आपला जिल्हा कोणता आणि आपले खासदार कोण, हे एकाच रेषेत सापडतं.

आपल्याकडे ती रेषा कशी आखली गेली? २००८ पर्यंत लोकसभेच्या यादीत गडचिरोलीचं नावच नव्हतं. मतदारसंघ होते चंद्रपूर आणि चिमूर. २००८ च्या फेररचनेत 'गडचिरोली-चिमूर' आला, अनुसूचित जमातींसाठी राखीव. आता त्याचे तुकडे मोजा. गडचिरोली जिल्ह्याचे तीन विधानसभा मतदारसंघ. चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी आणि चिमूर. आणि वर गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव. तीन जिल्हे मिळून एक खासदार. उरलेल्या चंद्रपूर लोकसभेत चंद्रपूर जिल्ह्याचे चार, आणि यवतमाळ जिल्ह्यातले वणी आणि आर्णी.

आमगाव ते सिरोंचा सरळ रेषेत मोजलं तरी अडीचशे किलोमीटरच्या वर. पण सरळ रेषेत कोण जातं? मध्ये नद्या, घाट, जंगल. २०२४ मध्ये या मतदारसंघात १६ लाखांहून जास्त मतदार होते. खासदार चांगला की वाईट, हा प्रश्न नंतरचा. तो आपल्या गावापर्यंत पोचणार कसा, हा आधीचा.

आमच्या घरी २००९ मध्ये यावरून मजाच झाली होती. प्रचाराची गाडी दारावरून गेली तशी आजी म्हणाली, "काऊन रे बाबू, आपून तं चांद्याचे, मंग हा गडचिरोलीवाला आपल्याले कायले मत मांगते?" बाबांनी समजावलं. आजी ऐकून म्हणाली, "मंग तहसील बी तिकडंच देऊन टाकावं ना." खरं सांगू, आजीचा प्रश्न मला अजून बरोबर वाटतो. ब्रह्मपुरीहून चंद्रपूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. नदी ओलांडली की वडसा हाकेच्या अंतरावर, आणि गडचिरोलीसुद्धा चंद्रपूरपेक्षा बरंच जवळ.

पण थांबा. रेषा ओलांडून मतं पडणं ही या भागात नवी गोष्ट नाही. १९६२ ला जाऊ. तेव्हाच्या चांदा लोकसभा मतदारसंघातून निवडून आले लाल श्याम शाह. अपक्ष! काँग्रेसचा जोर असताना. आणि ते होते कुठले? शेजारच्या मध्य प्रदेशातल्या, म्हणजे आताच्या छत्तीसगडमधल्या पानाबरसचे जमीनदार. राज्य वेगळं, पण गोंड माणसाच्या लेखी मुलूख एकच. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना आदिवासींच्या जंगल-जमिनीच्या भागात वसवलं जात होतं, त्याला त्यांचा विरोध होता. आपलं कुणी ऐकत नाही म्हणून १९६४ मध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. पद सोडून निषेध करणारे खासदार आज किती सापडतील, तुम्हीच सांगा.

मग १९७७. आणीबाणीनंतरची निवडणूक. चंद्रपूरमधून खासदार झाले अहेरीच्या राजघराण्यातले राजे विश्वेश्वरराव आत्राम. वेगळ्या विदर्भासाठी नाग विदर्भ आंदोलन समिती चालवणारे नेते. अहेरी ही या भागातली सगळ्यात मोठी जमीनदारी, आणि जमीनदारी गेली तरी घराण्याचा मान गेला नाही. २०१४ मध्ये अहेरीतून अम्ब्रीशराव आत्राम भाजपकडून जिंकले. २०१९ मध्ये धर्मरावबाबा आत्राम राष्ट्रवादीकडून. आणि २०२४ मध्ये तर एकाच मैदानात धर्मरावबाबा, त्यांच्या विरोधात त्यांची मुलगी भाग्यश्री आत्राम-हलगेकर, आणि तिसरे नात्यानं पुतणे असलेले अम्ब्रीशराव! जिंकले धर्मरावबाबा. मतदारसंघ जेव्हा पाच तालुक्यांचा आणि जंगलाचा असतो, तेव्हा गावोगाव ओळख असलेलं नाव हीच सगळ्यात मोठी यंत्रणा ठरते. नवख्या कार्यकर्त्यानं मोटारसायकल काढून किती गावं गाठावी? घराणेशाहीला आपण नावं ठेवतो, ठेवायलाही हवीत. पण तिला खतपाणी भूगोलही घालतो.

आता जरा नाजूक मुद्दा. ऐकून घ्या पूर्ण. गडचिरोलीच्या तिन्ही विधानसभा जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात आदिवासी आहेत ३८.७ टक्के. मग तिन्ही राखीव कशा? कारण राखीव जागा जिल्ह्याच्या हिशोबानं ठरत नाहीत. राज्यात आदिवासी किती, त्यावरून एकूण जागा ठरतात, आणि मग जिथं आदिवासींचं प्रमाण जास्त, ते मतदारसंघ राखीव होतात. गडचिरोलीचे तिन्ही त्यात बसतात. नियम म्हणून यात चूक काही नाही.

पण परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. बिगर-आदिवासी माणसाला, त्यात ओबीसी समाज मोठा, स्वतःच्या जिल्ह्यातून आमदारकीला उभंच राहता येत नाही. वर नोकऱ्यांचा प्रश्न: जिल्हा स्तरावरच्या सरकारी पदांमध्ये ओबीसींचं आरक्षण इथं कित्येक वर्षं ६ टक्क्यांवर आलं होतं. त्यावरून मोर्चे निघाले, बंद झाले, निवडणुकीत तो मुद्दा सतत गाजला. दुसरी बाजू आदिवासींची. उमेदवार आदिवासी, पण त्याला निवडून आणणारी मतं बहुतेक ठिकाणी मिश्र. मग तो आमदार ग्रामसभेचं ऐकेल, की बाजारपेठेच्या गावांचं? दोन्ही समाजांना वाटतं की आपल्या हातात अर्धंच आलं. आणि दोघांचंही म्हणणं खोटं नाही. भांडण माणसांचं दिसतं, पण त्याच्या मुळाशी नकाशाही आहे.

आता मतदानाचा दिवस. नक्षलवादी इथं १९८० च्या सुमारास गोदावरी-प्राणहितेच्या पलीकडून आले, म्हणजे जिल्हा होण्याच्या आधीच. त्यांनी निवडणुकांवर बहिष्काराची पत्रकं काढली. ८ ऑक्टोबर २००९ ला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. तरीही १३ तारखेला मतदान झालं. आजही दुर्गम केंद्रांवर मतदान यंत्रं आणि कर्मचारी आधीच हेलिकॉप्टरनं नेतात, आणि संवेदनशील भागात मतदान दुपारी तीनलाच संपतं. म्हणजे पुण्यातला माणूस दुपारची झोप काढून संध्याकाळी मत देऊ शकतो, इथल्या माणसाला ती सोय नाही.

आणि तरीही! १९ एप्रिल २०२४ ला पहिल्या टप्प्यात विदर्भातल्या पाच जागांवर मतदान झालं. सगळ्यात जास्त मतदान कुठं? नागपूरला नाही. गडचिरोली-चिमूरला, ७२ टक्क्यांच्या जवळ. शहरात बूथ पुढच्या गल्लीत असून आपण सुट्टी घेऊन फिरायला जातो, हे जरा आठवा.

त्या निवडणुकीत काँग्रेसचे नामदेव किरसान जिंकले, भाजपचे दोन वेळचे खासदार अशोक नेते हरले. सहा महिन्यांनी विधानसभेत काय झालं? गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी काँग्रेसकडे, गडचिरोली भाजपकडे, अहेरी अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे. तीन जागा, तीन पक्ष. "गडचिरोलीचं मत" असं एक काही नसतंच, हे यावरून कळावं. वडसा-आरमोरीचा धान पिकवणारा शेतकरी, एटापल्लीत सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीशेजारी राहणारा माणूस, आणि मेडिगड्डा धरणाच्या पाण्यानं शेत बुडतं म्हणणारा सिरोंचाचा शेतकरी, या तिघांचे प्रश्नच वेगळे आहेत. ते धरण तर तेलंगणाचं. त्यासाठी मत द्यायचं तरी कुणाला?

मग यावर उपाय काय? जंगलाला मत द्यायचं का? नाही. एका माणसाला एक मत, हे तत्त्व मोडायचं नाही. गडचिरोलीच्या माणसाचं मत मुंबईकराच्या मतापेक्षा जड असावं, असं मी म्हणणार नाही. पण कारभाराचं तसं नाही. मतं डोक्यांवर मोजा, कचेऱ्या मात्र अंतरावर मोजा. १९८२ मध्ये हेच केलं होतं. फक्त ते अर्धवट राहिलं. नव्या जिल्ह्याचं मुख्यालय झालं गडचिरोली, जे जिल्ह्याच्या वायव्य बाजूला, वैनगंगेजवळ आहे. सिरोंचापासून ते आजही रस्त्यानं दोनशे किलोमीटरच्या आसपास. एकेकाळी जिल्ह्याचं ठिकाण असलेलं गाव आज जिल्ह्याच्या ठिकाणापासून सगळ्यात लांब! म्हणूनच अहेरी जिल्हा करा, ही मागणी आहे. नदीच्या या बाजूला ब्रह्मपुरी जिल्हा करा, चिमूर जिल्हा करा, याही मागण्या जुन्या आहेत. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावाचं चिमूर ती मागणी सहज सोडणार नाही. कुणाची मागणी आधी मान्य व्हावी यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर अजून वाद चालतात.

जिल्हा होईल तेव्हा होईल. पण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावानं वाट बघितली नाही. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये ग्रामसभेनं स्वतःच्या अधिकारात बांबू विकला. म्हणजे जिल्हा आणि मतदारसंघ या दोन रेषांशिवाय तिसरीही एक रेषा आहे, गावाच्या शिवाराची. ती वर कुणी आखत नाही, गावच राखतं.

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण रेषा पुन्हा हलणार आहेत. लोकसभा-विधानसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, आणि २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. त्यानंतर नवी फेररचना येईल. शहरं फुगली आहेत. जागा डोक्यांच्या हिशोबानं वाटल्या, तर गडचिरोलीचं वजन अजून कमी होऊ शकतं, मतदारसंघ अजून पसरू शकतात. फेररचनेचे मसुदे जाहीर होतात, हरकती मागवतात, सुनावण्या होतात. मागच्या वेळी आमच्या गावात कुणाला याचा पत्ताच नव्हता. आजीला तो कळला थेट प्रचाराच्या गाडीवरून.

तर या वेळी मसुदा आला की मोबाईलवर तो नकाशा उघडून बघा. आपलं गाव कुठल्या रेषेच्या आत गेलं, शेजारचं का नाही गेलं, ते तपासा. पटलं नाही तर मुदतीत हरकत लिहा, साध्या मराठीत, एका पानात. आणि तुमच्या गावाचा जिल्हा एक नि मतदारसंघ दुसराच असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू या. तोवर काळजी घ्या. भेटूच!